घरप्रार्थनेत मुलाची तक्रार नको

सोलापूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: "आमचं ख्रिस्ती कुटुंब. घरी यजमान, सासूबाई, सोळा वर्षांचा मुलगा आणि मी. यजमान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, बारा तासांची पाळी असते. मुलगा दहावीला गणितात नापास झाला. बाकीचे विषय निघाले. आमच्याकडे रोज रात्री घरप्रार्थना होते, पण निकालापासून तो बसत नाही. चर्चलाही येत नाही. अभ्यास सोडून मिक्सर, पंखे उघडून बसतो. यजमान बोलले की भांडण होतं. मी त्याला सतत उत्तेजन देते, 'तू हुशार आहेस, तुला सगळं जमेल' म्हणते, तर तो उठून आत निघून जातो. मीही आता थकले आहे. एकमेकांना उत्तेजन द्या असं बायबलचं वचन सांगतं, पण ते घरात करायचं कसं?"

ताई, प्रभूच्या नावाने सलाम.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी थांबले. मुलगा मिक्सर आणि पंखे उघडून बसतो, हे तुम्ही तक्रारीच्या ओघात लिहिलंत. तो ते उघडतो, मग पुढे काय होतं? पंखा परत फिरतो का? शेजारच्या बायका आपला बिघडलेला मिक्सर त्याच्याकडे आणून देतात का? हे पत्रात नाही, आणि मला सगळ्यात आधी तेच विचारायचं आहे. ज्याला उत्तेजन द्यायचं त्याच्याकडे आपण नीट पाहिलेलं असावं लागतं. 'तुला सगळं जमेल' हे न पाहताही बोलता येतं. नापास झालेल्या मुलाला ते खरं वाटत नाही, कारण गुणपत्रिका त्याच्या हातात आहे. आपलं मन राखायला आई बोलते आहे, एवढंच त्याला कळतं, आणि तो उठून जातो.

त्याऐवजी असं बोलता येईल: "काल तू पंख्याचा कंडेन्सर बदललास. बाजारात दोनदा जाऊन बरोबर नंबरचा आणलास, घाई केली नाहीस. मी बघत होते." यात स्तुतीचा एकही शब्द नाही. पण हे खरं आहे, घडलेलं आहे आणि आईने ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलाला ते नाकारता येत नाही. पाळकीय समुपदेशनाच्या कामात मी पुष्कळ घरांत बसले आहे. साध्या, पाहून बोललेल्या वाक्याने जे होतं ते मोठ्या आश्वासनांनी होताना मी क्वचितच पाहिलं. बोलून झाल्यावर तिथेच थांबा. त्याला लगेच "अशीच चिकाटी गणितात दाखव" जोडलंत, तर पंख्याबद्दल बोललेलं सगळं वाया गेलं. आपलं कौतुक हे पुढच्या उपदेशाची तयारी होती, असंच त्याला वाटेल.

आता घरप्रार्थनेकडे येते, कारण खरी अडचण मला तिथे दिसते. तो प्रार्थनेला बसत नाही असं तुम्ही लिहिलंत. निकालानंतरच्या दिवसांत त्या प्रार्थनेत त्याच्याविषयी काय बोललं गेलं, ते जरा आठवा. आपल्या घरांत साधारण असं बोललं जातं: "हे प्रभू, आमच्या लेकराला सुबुद्धी दे. त्याचं अभ्यासात लक्ष लागू दे. वाईट संगतीपासून त्याला दूर ठेव. आईबापाचे कष्ट त्याला कळू देत." बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असतं आणि तळमळ शंभर टक्के खरी असते. पण त्या मुलाच्या जागी बसून ऐका. डोळे मिटलेले, मान खाली, आणि देवासमोर आपल्या चुकांची यादी वाचली जाते आहे. मध्ये बोलता येत नाही, उठून जाता येत नाही. शेवटी "आमेन"ही म्हणावं लागतं. बापाशी वाद घालता येतो, प्रार्थनेशी घालता येत नाही. त्यातून एखाद्या दिवशी घरी कॉटेज प्रार्थना असली आणि आळीतली दहा-पंधरा माणसं सतरंजीवर बसलेली असली, तर हीच यादी सगळ्यांपुढे वाचली जाते. मग मुलगा प्रार्थना टाळू लागतो आणि आपण म्हणतो, पोरगं देवापासून लांब चाललं. बहुतेक वेळा तो देवापासून लांब जात नसतो. त्या बोलण्यापासून स्वतःला वाचवत असतो.

म्हणून पहिलं काम हे करा. मुलाविषयीच्या काळजीची प्रार्थना घरप्रार्थनेतून पूर्णपणे काढा. ती तुमच्या एकांतात न्या. खोलीत जा, दार लाव आणि गुप्तवासी पित्याजवळ माग, असं प्रभूने सांगितलं ते अशा प्रार्थनेलाही लागू आहे. तिथे रडा, हवं तेवढं मागा. सगळ्यांच्या देखत मात्र त्याच्यासाठी फक्त आभार माना, आणि तेही नेमके: "आजीची औषधं त्याने आठवणीने आणली, त्याबद्दल प्रभू तुझे आभार." ज्या दिवशी काही सुचणार नाही त्या दिवशी त्याचं नाव घेऊ नका. आभार ओढूनताणून मानले तर तेही त्याच्या कानाला कळतात.

मोठ्यांनी मात्र स्वतःबद्दल मागावं. यजमानांनी एखाद्या रात्री "आज कारखान्यातल्या खात्यात मी एका कामगारावर विनाकारण ओरडलो, मला क्षमा कर" एवढं म्हटलं, तर ते ऐकणाऱ्या मुलाला घरप्रार्थना वेगळी दिसेल. हे ठिकाण फक्त मुलांच्या चुका मोजण्याचं नाही, इथे बापही हात जोडतो, हे त्याला समजेल. वेळ कमी ठेवा. बारा तासांच्या पाळीनंतर माणूस अर्धा तास लांबलचक प्रार्थना ऐकू शकत नाही. एक भजन, एका स्तोत्रातल्या चार ओळी, प्रभूची प्रार्थना, बस्स. सोलापुरातल्या कितीतरी घरांत असतं तसं तुमच्या सासूबाईंचं तेलुगू किंवा कन्नड असेल, तर त्यांना त्यांच्याच भाषेत प्रार्थना करू द्या. आजीची प्रार्थना हे मुलांसाठी फार मोठं धन असतं. बायबलातल्या तीमथ्याचा बाप ग्रीक होता, आणि प्रेषित पौल त्याला पत्र लिहितो तेव्हा आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची नावानिशी आठवण काढतो.

मुलाला बसण्याची सक्ती करू नका. दार उघडं असू द्या. आला तर "आज कसा काय आलास" असं कुणी म्हणायचं नाही, आला नाही तर जेवताना तो विषय काढायचा नाही. एका घरातले सगळे एकाच चालीने विश्वासात चालत नाहीत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या पाच वर्षांत त्या दोघांनी किती सोसलं हे मराठी ख्रिस्ती माणसाला माहीत आहे. आज लक्ष्मीबाईंचा विश्वास आपल्याला इतका अस्सल वाटतो, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. तुमच्या मुलालाही त्याचा स्वतःचा वेळ लागेल.

इथे एक वचन मी प्रत्येक आईबापाला वाचायला सांगते. येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आकाशातून वाणी झाली: "हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे, ह्याच्याविषयी मी संतुष्ट आहे." हे कधी झालं ते पाहा. तोवर डोंगरावरचं प्रवचन झालेलं नाही, एकही आंधळा बरा झालेला नाही, शिष्यसुद्धा बोलावलेले नाहीत. कामाला सुरुवात होण्याआधी पित्याने सगळ्यांच्या देखत सांगितलं की हा माझा आहे. आणि लगेच पुढच्या अध्यायात रानातली परीक्षा येते. आपण उलट करतो. आधी परीक्षा पास हो, मग तू आमचा लाडका, असं मुलाला आपल्या वागण्यातून कळत राहतं.

आता यजमानांविषयी. तुमच्या पत्रात ते फक्त रागावताना दिसतात. पण जॉबर म्हणजे कोण? बंद पडलेला लूम, म्हणजे यंत्रमाग, ज्याच्या हाताने पुन्हा चालू होतो तो. ताई, बापाचेच हात मुलाकडे आले आहेत. बाप लूम उघडतो, मुलगा मिक्सर उघडतो. हे दोघांपैकी कुणाला कुणी सांगितलं आहे का? मला वाटतं यजमानांना ते कळतं, आणि नेमकी त्याचीच त्यांना भीती वाटते. गिरण्या बंद पडताना, यंत्रमागांवर मंदी येताना या शहरातल्या कामगारांनी जे भोगलं ते त्यांच्या पिढीने घरात पाहिलं. "माझ्यासारखं आयुष्यभर खात्यात घालवू नकोस" हे त्यांना म्हणायचं असतं, आणि तोंडातून "तुझ्यात काही राम नाही" बाहेर पडतं.

आपल्या समाजात शिक्षणाविषयीचा हा धाक जुना आहे आणि त्याला कारणही आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत, १८३१ साली अहमदनगरला आणि १८६० च्या दशकात सोलापुरात काम सुरू केलं. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या आधाराला आलेल्या कितीतरी मुलांना शाळेनेच उभं केलं. ज्यांना गावात पाणवठ्यावर जागा नव्हती, त्यांची नातवंडं शिक्षक आणि नर्स झाली. त्या पिढ्यांनी मुलांना कडक शिस्तीत वाढवलं ते प्रेमापोटीच. तो वारसा मी मोलाचा मानते. पण वाचवणारी शाळा आता मुलाला घराबाहेर ढकलत असेल, तर आपण तिच्यावर गरजेपेक्षा जास्त भार टाकला आहे. बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका, नाहीतर ती खिन्न होतील, असं पौलाने कलस्सैकरांना लिहिलं. खिन्न झालेलं मूल आळशी दिसतं. लांबून दोन्ही सारखीच दिसतात.

यजमानांना हे सुनावू नका. शेवटचं चांगलं बोलणं त्यांना स्वतःला कधी ऐकायला मिळालं, याचा विचार करा. कारखान्यात जॉबरला बोलावतात ते काही बिघडलं तरच. दिवसभर लूम नीट चालले म्हणून त्याचे आभार कुणी मानत नाही. घरी आल्यावरही त्याच्यापुढे पहिली येते ती तक्रारच. सुरुवात तिथून करा. रविवारी उपासनेनंतर दोघं अर्धा तास बाहेर बसा, संभाजी तलावावर जा हवं तर, आणि त्यांनी घरासाठी केलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल बोला. मुलाचा विषय त्या दिवशी काढू नका. ज्याला उत्तेजन मिळतं त्यालाच ते पुढे देता येतं. मी बघते त्या घरांत नवराबायको एकमेकांशी कोरडं बोलतात आणि मुलांना मात्र गोड बोलून वाढवू पाहतात. ते टिकत नाही.

थोड्या दिवसांनी, संधी मिळाली की, दोघांनी मिळून प्रेषितांच्या कृत्यांतली योहान मार्काची गोष्ट वाचा. हा तरुण पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्याबरोबर सुवार्तेच्या पहिल्या फेरीला निघाला आणि पंफुल्यातल्या पिर्गा इथून अर्ध्यावर परत यरुशलेमेला गेला. का गेला ते शास्त्रात नाही. पुढच्या फेरीला बर्णबाला त्याला सोबत न्यायचं होतं. पौल म्हणाला, नको, ज्याने काम सोडलं त्याला न्यायचं नाही. वाद इतका पेटला की दोघं वेगळे झाले. पौल सीलाला घेऊन सूरियाकडे गेला आणि बर्णबा मार्काला घेऊन जहाजातून कुप्र बेटाला.

बर्णबाने मार्काची बाजू बरोबर होती असं कुठेही म्हटलेलं नाही. त्याने त्याच्या चुकीवर पांघरूणही घातलं नाही. त्याने त्याला पुन्हा काम दिलं आणि स्वतः त्याच्या शेजारी राहिला. पुष्कळ वर्षांनी पौल तुरुंगातून तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. ज्याला एकदा नाकारलं त्यालाच शेवटच्या दिवसांत बोलावलं. आणि पौलाचं स्वतःचं काय? आधी तो शिष्यांचा छळ करायचा. दिमिष्काच्या वाटेवर त्याचं मन पालटलं तरी यरुशलेमेतले शिष्य त्याला घाबरत होते, तेव्हा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा बर्णबाच होता. कडक माणसाच्या मागेही कधीतरी कुणीतरी उभं राहिलेलं असतं. यजमानांना विचारा, लूम शिकताना पहिल्यांदा त्यांच्यावर विश्वास कुणी टाकला. ते नाव त्यांना आठवेल. ती गोष्ट त्यांनी मुलाला सांगितली, तर माझ्या या लांबलचक पत्राहून तिचा उपयोग जास्त होईल.

आणि बर्णबाप्रमाणे त्याला काम द्या. रिकाम्या सुट्टीच्या दिवशी यजमान घरातलं वायरिंग किंवा पाण्याची मोटार बघणार असतील, तर मुलाला "जरा पकड" म्हणावं. शेजारी बसून केलेल्या कामात बापलेक जेवढे जवळ येतात तेवढे समोरासमोर बसून येत नाहीत. त्या वेळी उपदेश करायचा नाही, पाना मागायचा.

'तू हुशार आहेस' या वाक्याबद्दल थोडं सांगते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली अमेरिकेत पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. काही मुलांच्या हुशारीची स्तुती केली, काहींच्या मेहनतीची. नंतर अवघड कोडी आल्यावर हुशारीची स्तुती झालेली मुलं लवकर खचली, आणि आपले गुण दुसऱ्याला सांगताना खोटं बोलणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. पुढच्या काही अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, म्हणून त्यावर सगळा डोलारा उभारू नये. पण 'हुशार' हे बिरूद मुलाला ओझं होतं, हे मी घराघरांत पाहिलं आहे. नापास झाला की ते बिरूद खोटं ठरतं आणि ते देणारी आईसुद्धा खोटी ठरते.

खोटं बोलून कुणाला उभं करता येत नाही, हे वचनालाही धरून आहे. बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात सात मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, पत्रं आहेत. इफिसच्या मंडळीला प्रभू आधी तिचे श्रम आणि धीर नेमके मोजून सांगतो आणि मग दोष दाखवतो. लावदिकीयाच्या मंडळीला मात्र स्तुतीचा एक शब्दही नाही. पण तिलाच तो म्हणतो की मी दाराशी उभा आहे आणि ठोकतो आहे. कौतुक करण्याजोगं काही नसलं तरी दाराशी उभं राहता येतं. गणिताबद्दल तुमच्या मुलाशी तसंच बोला. "गणितात तू नापास झालास. ते आपल्याला सोडवायचं आहे. मी तुझ्याबरोबर आहे." एवढं पुरे.

मंडळीबद्दलही बोलायला हवं. निकालानंतरच्या एखाद्या रविवारी आपल्याकडे गुणगौरव होतो. नव्वद टक्केवाल्यांची नावं पुकारतात, पाळकसाहेब पुष्पगुच्छ देतात, फोटो निघतात. त्याच बाकांवर नापास झालेली मुलंही असतात, किंवा त्या रविवारपासून नसतात. मला ही पद्धत सोडून द्यावीशी वाटते आणि मी ती बैठकींत बोलूनही दाखवते. शाळेने गुणांचा गौरव करावा. मंडळीने दहावी दिलेल्या सगळ्या मुलांना पुढे बोलावून त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. तुमच्या पाळकांशी बोला. त्यांना सांगा की घरी भेटीला येताना मुलाला निकालाविषयी विचारू नका. चर्चमधला साउंड सिस्टीमचा बिघाड बघायला त्यालाच बोलवा.

आता तुम्ही. थकवा तुम्ही एका ओळीत लिहिलात, पण तो मला पत्रभर दिसला. संदेष्टा एलिया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत आडवा झाला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. "तू येथे काय करतोस" हा प्रश्न त्यानंतर पुष्कळ दिवसांनी आला. तुम्ही दुपारी झोपत नसाल तर झोपा. सगळ्यांचं झाल्यावर उरलेली भाकरी उभ्याने खात असाल तर ताट वाढून बसा. लग्नाआधी भजनमंडळात गात असाल, शब्बाथ शाळेत शिकवत असाल, तर त्यातलं एक काही परत सुरू करा. मुलासमोर आईचं स्वतःचं आयुष्य चालू असणं हेही त्याला आधार देतं, कारण मग आईचा आनंद त्याच्या गणितावर टांगलेला राहत नाही. स्तोत्रकर्ता स्वतःशीच बोलतो, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" तुम्हीही बोला. मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईंशी बोललात तर आणखी बरं.

काही गोष्टी मात्र घरच्या गोड बोलण्याने सुटत नाहीत, त्या स्पष्ट सांगते. मुलगा झोपत नसेल, जेवण सोडलं असेल, मित्र तोडले असतील, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलला असेल, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याने विश्वास कमी होत नाही. तुमच्या पत्रात मारहाणीचा उल्लेख नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरात ती असेल. अशा बहिणीला "प्रार्थना कर, सोस" असं सांगणं हे उत्तेजन नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला संरक्षण दिलं आहे, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. मंडळीने तिच्या बाजूने उभं राहायचं असतं.

शेवटी गणित. एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा निकालानंतर थोड्याच आठवड्यांत असते. तिचा फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो. मुदत छोटी असते, म्हणून या आठवड्यातच शाळेत जाऊन चौकशी करा. अंतर्गत वीस गुणांपैकी त्याला किती मिळालेत ते बघा, म्हणजे पस्तीसला पोचायला लेखी परीक्षेत किती हवेत ते कळेल. तो आकडा बहुतेकदा मुलांना वाटतो त्याहून लहान निघतो. भूमिती की बीजगणित, कुठे अडतं ते त्यालाच सांगू द्या. विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि त्याला दहावी पास लागते. यजमानांच्या सुट्टीच्या दिवशी बापलेकांना तिथे नुसतं बघून यायला पाठवा. वर्कशॉपमध्ये काय काय यंत्रं आहेत ते यजमानांनाच त्याला समजावून सांगता येईल. तुम्ही बरोबर जाऊ नका. पुरवणी परीक्षेच्या फॉर्मला काय काय लागतं ते शाळेत विचारा, आणि आधार कार्ड व फोटो आजच काढून ठेवा.